फॉरमॅट मारण्याआधी

संगणक मंद झाला, सुरू व्हायला पाच-पाच मिनिटे घेऊ लागला, मधेच अडकू लागला, की आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो: एकदा फॉरमॅट मारून घ्या. दुरुस्तीच्या दुकानात तोच मिळतो, कार्यालयातला जाणकार सहकारी तोच देतो, आणि आता विंडोजच्या सेटिंग्जमध्येच त्यासाठी बटण असल्यामुळे कोणाला विचारायचीही गरज उरलेली नाही. तोच संगणक विकायचा असतो, भाच्याला द्यायचा असतो किंवा भंगारात घालायचा असतो, तेव्हा मात्र डेस्कटॉपवरचे फोटो आणि दोन-चार फोल्डर डिलीट करून, रीसायकल बिन रिकामा करून आपण तो निर्धास्तपणे देऊन टाकतो. माझे म्हणणे असे की हे नेमके उलटे व्हायला हवे. संगणक कारखान्यातून निघाला तसा करून देणारा फॅक्टरी रीसेट दुरुस्ती म्हणून क्वचितच लागतो. यंत्र दुसऱ्याच्या हाती जाताना मात्र तो टाळून चालत नाही, आणि तिथे नुसते बटण दाबूनही भागत नाही. असे का, हे कळण्यासाठी रीसेटच्या वेळी संगणकाच्या आत काय घडते ते आधी पाहावे लागते.

पूर्वी नव्या संगणकाच्या खोक्यातच सीडी येत असे. ती घालून संगणक सुरू केला की विंडोज, ड्रायव्हर आणि कंपनीने दिलेली सॉफ्टवेअर पुन्हा बसत. पुढे कंपन्यांनी सीडी देणे सोडले आणि हार्ड डिस्कचाच एक भाग त्यासाठी राखून ठेवला. हा राखीव भाग वापरणाऱ्याला सहसा दिसत नाही. एचपीचा लॅपटॉप सुरू होताना एफ-११ दाबले, एसरवर ऑल्ट आणि एफ-१० एकत्र दाबले, एसुसवर एफ-९ दाबले, की त्यातली प्रत मुख्य जागेवर उतरवली जाई. लेनोवोने तर टाचणीने दाबायचे बारीक बटण लॅपटॉपच्या कडेलाच दिले. २०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि मायक्रोसॉफ्टने ही सोय आपल्या प्रणालीतच आणली. २०१५ च्या विंडोज १० मध्ये तिची पद्धत बदलली. वेगळी प्रत जपून ठेवण्याऐवजी संगणकात चालू असलेल्या सिस्टीम फाइलींमधूनच विंडोज नव्याने उभे करायचे, असे ठरले आणि त्यामुळे डिस्कवरची बरीच जागा वाचली. २०२० मध्ये क्लाउड डाउनलोडचा पर्याय आला: स्थानिक फाइलींवर विसंबायचे नसेल तर मायक्रोसॉफ्टकडून विंडोज नव्याने उतरवून घ्या. त्याला चार जीबीहून अधिक डेटा लागू शकतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालवणाऱ्याने हे आधी लक्षात घेतलेले बरे.

या इतिहासातून एक गोष्ट निघते आणि ती फारशी कोणी बोलत नाही. कोणत्या वाटेने रीसेट केला यावर तुम्ही कुठे पोहोचता हे ठरते. विंडोजच्या आतल्या बटणाने गेलात तर साधारणपणे आज चालू असलेलीच आवृत्ती स्वच्छ होऊन मिळते. कंपनीच्या राखीव भागातून गेलात तर संगणक विकत घेतला त्या काळात जाता. विंडोज ८ सह घेतलेला आणि पुढे विंडोज १० वर आणलेला लॅपटॉप अशा वाटेने परत विंडोज ८ वर जाऊ शकतो, आणि विंडोज ८.१ चा आधारही मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०२३ रोजी थांबवला आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या असेम्बल्ड संगणकाला तर कारखान्यातली अवस्था अशी नसतेच. जोडणाऱ्याने पहिल्या दिवशी जे बसवले तीच त्याची सुरुवात, आणि तिची प्रत जपून ठेवलेली असण्याची शक्यता कमी.

मूळ अवस्था म्हणजे निर्मळ अवस्था, असेही आपण गृहीत धरतो. तिच्यात दोन बाजूंनी धोका असतो. पहिला धोका कालबाह्यतेचा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर किड्याने जगभरचे संगणक बंद पाडले. त्याने वापरलेली विंडोजमधली फट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये बुजवली होती. ज्याने अपडेट घेतले होते तो वाचला. आता समजा, २०१२ साली घेतलेला विंडोज ७ चा संगणक एखाद्याने त्या मे महिन्यात राखीव भागातून मूळ अवस्थेला नेला असता, तर पाच वर्षांत जमलेली सगळी डागडुजी त्याने एका फटक्यात काढून टाकली असती. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर किडा पसरला तेव्हा जुन्या सीडीवरून एक्सपी नव्याने बसवणाऱ्यांना हा अनुभव आलाच होता: अपडेट उतरवण्यासाठी इंटरनेट जोडावे, आणि अपडेट उतरण्याआधीच किडा आत शिरावा. दुसरा धोका खुद्द कारखान्यातूनच येणाऱ्या मालाचा. फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड झाले की लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचे जाहिरातींचे सॉफ्टवेअर आधीच बसवलेले होते. ते स्वतःचे रूट प्रमाणपत्र विंडोजमध्ये घालत असे आणि सुरक्षित म्हणून दिसणाऱ्या संकेतस्थळांची रहदारीही मधेच उघडत असे. त्याची गुप्त किल्ली सगळ्या यंत्रांवर एकच होती, त्यामुळे ती हाती लागलेल्या कोणालाही त्या ग्राहकांची फसवणूक करता आली असती. कंपनीने पुढे ते काढून टाकण्याचे साधन दिले. पण कारखान्याच्या जुन्या प्रतीवरून असा लॅपटॉप मूळ अवस्थेला नेला, तर जे मोठ्या प्रयत्नाने काढले तेच परत येणार.

रीसेट काय करतो याइतकेच तो कशाला हातही लावत नाही हे महत्त्वाचे आहे. संगणकाच्या मदरबोर्डवर एक छोटी चिप असते. तिच्यातला प्रोग्राम, ज्याला जुन्या सवयीने आपण बायॉस म्हणतो, विंडोजच्या आधी जागा होतो. डिस्क पुसली तरी तो जसाच्या तसा राहतो. २०१८ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने लोजॅक्स हा घातक प्रोग्राम शोधला. तो याच चिपमध्ये घर करून होता, त्यामुळे विंडोज नव्याने बसवा की हार्ड डिस्कच बदला, तो परत येत असे. त्याचे लक्ष्य युरोपातली सरकारी कार्यालये होती, सामान्य घरांतले संगणक नव्हते. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. तरी रीसेटच्या वर एक थर आहे हे त्यातून दिसते. या थरातून एका कंपनीनेही आपले सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा बसवल्याचे उदाहरण आहे. लेनोवोच्याच काही यंत्रांतली सर्व्हिस इंजिन ही सोय २०१५ मध्ये चर्चेत आली होती. विंडोज कोरे करकरीत बसवले तरी ती चिपमधून आपल्या फाइली पुन्हा आत आणत असे, आणि शेवटी ती काढण्यासाठी बायॉसचेच अपडेट द्यावे लागले.

आता मंदपणाकडे वळू, कारण बहुतेक रीसेट त्याच्यासाठीच होतात. आपल्याकडे अजूनही अनेक घरांत आणि दुकानांत फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असलेले संगणक आहेत. लॅपटॉपमधली अशी चकती सहसा मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद, आणि हवी ती नोंद वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसते थांबणे. त्यात टोक योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ धरला, तर विखुरलेल्या नोंदी अशा डिस्कवरून सेकंदाला शंभरही वाचता येत नाहीत. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते, त्यामुळे तेच काम ती सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते. आजचे विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या नोंदी मागते, आणि मागाहून अपडेट, विषाणूरोधक आणि ब्राउझर त्यात भर घालतात. अशा संगणकाला कितीही वेळा मूळ अवस्थेला नेले तरी चकतीचा वेग तोच राहतो. रॅम कमी असेल तरी तीच गत: जागा पुरेना की विंडोज स्मृतीतला भाग डिस्कवर ठेवते आणि पुन्हा त्याच मंद चकतीच्या दाराशी येते. पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापत असेल, तर तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. ब्रशने आणि हवेच्या झोताने सुटणारा हा प्रश्न आपण विंडोज पुसून सोडवू पाहतो.

यातला सर्वांत वाईट प्रकार मरणपंथाला लागलेल्या हार्ड डिस्कचा. डिस्कचे काही भाग खराब झाले की ती तोच भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि संगणक अडकल्यासारखा वाटतो. बाहेरून हे दुखणे साध्या मंदपणासारखेच दिसते. अशा डिस्कवर रीसेट चालवणे म्हणजे तिला एका बैठकीत कित्येक जीबी वाचायला आणि लिहायला लावणे. ती मधेच बंद पडली तर विंडोजही जाते आणि फाइलीही जातात. डिस्क आपल्या तब्येतीच्या नोंदी स्वतः ठेवत असते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे फुकट सॉफ्टवेअर त्या काही सेकंदांत दाखवते. बदललेल्या आणि बदलण्याच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांचे आकडे वाढत असतील, तर आधी फाइली दुसरीकडे उतरवून घ्यायच्या आणि डिस्क बदलायची. ही तपासणी न करता फॉरमॅट सुचवणाऱ्याने निदान न करताच औषध दिले आहे, असे मी म्हणेन.

यावर एक आक्षेप रास्त आहे: फॉरमॅट मारल्यावर संगणक खरोखरच चांगला चालतो, हे तर सगळ्यांनी पाहिले आहे. बरोबर आहे. संगणक सुरू होताना आपोआप जागे होणारे प्रोग्राम, ब्राउझरला चिकटलेली विस्तारके, अर्धवट काढलेली सॉफ्टवेअर, एकाच वेळी चालणारे दोन-दोन विषाणूरोधक, हे सगळे रीसेटने जाते आणि काही आठवडे फरक जाणवतो. पण त्यातले कोणते अडचणीचे होते हे न कळताच सगळे गेले. तेच प्रोग्राम आपण परत बसवतो, आणि मंदपणा परत येतो. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीत जाऊन नको ते बंद करणे दहा मिनिटांचे काम आहे. सिस्टीम फाइली बिघडल्याचा संशय असेल तर एसएफसी आणि डिस्म ही विंडोजची स्वतःची साधने त्या तपासून दुरुस्त करतात. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत तर रिकव्हरीच्या पानावरच विंडोज अपडेटमार्फत पुन्हा बसवण्याची सोय आहे. तिच्यात फाइली, सेटिंग्ज आणि सॉफ्टवेअर असे तिन्ही जागेवर राहते आणि बदलतात त्या फक्त विंडोजच्या फाइली. इतके करूनही दोष हटला नाही, तर रीसेटचा विचार करावा. स्वतः रीसेटही कधी अडखळतो, हे तेव्हा लक्षात असू द्यावे. ऑगस्ट २०२५ मधल्या सुरक्षा अपडेटनंतर विंडोजच्या काही आवृत्त्यांत रीसेटच पुरा होत नव्हता, आणि मायक्रोसॉफ्टला त्याच महिन्यात तातडीची दुरुस्ती सोडावी लागली.

रीसेटची खरी किंमत नंतर कळते. त्यात फाइली राखण्याचा पर्याय असतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. तो राखतो ते मुख्यतः वापरणाऱ्याच्या फोल्डरातले: डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप वगैरे. प्रोग्राम फाइल्स, प्रोग्रामडेटा आणि प्रत्येक खात्यातले अ‍ॅपडेटा हे फोल्डर त्यात धरलेले नसतात. ब्राउझरची पृष्ठखुणा आणि पासवर्डांची वही, थंडरबर्डमधली सगळी पत्रे, पडद्यावर चिकटवलेल्या टिपणचिठ्ठ्या, हे सारे अ‍ॅपडेटामध्ये राहते. एखादे हिशेबाचे सॉफ्टवेअर आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरात ठेवत असेल तर तोही याच तावडीत सापडतो. काही काळ विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरात जुना ऐवज मिळू शकतो, पण ठरावीक दिवसांनी विंडोज तेही साफ करते. मराठीत छपाईचे काम करणाऱ्यांना एक वेगळा फटका बसतो. युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये, शिवाजी म्हणा किंवा श्रीलिपीचे फॉन्ट म्हणा, टाइप केलेला मजकूर त्या फॉन्टशिवाय उघडला तर अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा गोंधळ दिसतो. फाइल शाबूत असते, पण फॉन्ट विंडोजच्या फोल्डरात होते आणि ते रीसेटबरोबर गेले. वीस वर्षांचे दिवाळी अंक अशा फाइलींत ज्यांनी साठवले आहेत, त्यांनी फॉन्टची प्रत फाइलींइतक्याच काळजीने वेगळी ठेवावी. विंडोजच्या परवान्याची चिंता मात्र आता फारशी नाही. कंपनीच्या संगणकात विंडोज ८ पासून त्याची किल्ली मदरबोर्डवरच असते, आणि विंडोज १० पासून डिजिटल परवाना त्या यंत्राशी जोडलेला असतो. जपायची आहे ती बिटलॉकर या विंडोजच्या कूटबद्धीकरणाची ४८ अंकी किल्ली. डिस्क कूटबद्ध असेल आणि विंडोज सुरू होत नसल्याने बाहेरून रीसेट करायची वेळ आली, तर ती मागितली जाऊ शकते. ती नसेल तर त्या डिस्कवरच्या फाइली कायमच्या गेल्या. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती नोंदलेली आहे का हे संकटाआधीच पाहून ठेवावे.

दुरुस्तीच्या बाजूने रीसेटचा एक खरा हक्क मी मान्य करतो. संगणकात घातक प्रोग्राम शिरला असेल आणि तो नेमका कुठवर पोहोचला हे सांगता येत नसेल, तर एकेक फाइल तपासत बसण्यापेक्षा सगळे पुसून नव्याने बसवणे शहाणपणाचे आहे. पण तेव्हा बाधित विंडोजमधूनच बटण दाबण्यापेक्षा दुसऱ्या, भरवशाच्या संगणकावर विंडोज बसवण्याची पेन ड्राइव्ह तयार करावी आणि तिच्यावरून काम करावे. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्डही त्या दुसऱ्या संगणकावरूनच बदलावेत. चोरीला गेलेला पासवर्ड रीसेटने परत येत नाही.

आता हस्तांतराकडे येऊ. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या सिमसन गारफिंकल आणि अभी शेलत या दोघांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालू स्थितीत होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. बाकींच्यातून पत्रव्यवहार, वैद्यकीय नोंदी आणि पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक हाती लागले. एक डिस्क तर एटीएम यंत्रातली असावी असे दिसले. त्यांचा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या डिस्कच्या आधीच्या मालकांपैकी अनेकांनी आपापल्या परीने सफाई केली होती, कोणी फाइली डिलीट केल्या होत्या, कोणी फॉरमॅटही केले होते. ते पुरले नाही, कारण फाइल डिलीट करताना विंडोज मजकुराला हात लावत नाही. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याचे एक दप्तर ते ठेवते, आणि त्यात ती जागा मोकळी अशी नोंद करते. सातबाऱ्यावरचे नाव बदलले म्हणून शेतात उभे असलेले पीक नाहीसे होत नाही. नवे काही त्या जागेवर लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच राहतो, आणि रेकुव्हा किंवा फोटोरेकसारखे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर फिरत्या चकतीवरून तो सहज वर काढते. क्विक फॉरमॅटने फक्त दप्तर कोरे होते. पूर्ण फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्ये लिहीत जातो, म्हणून त्याला तास लागतात.

म्हणून देण्याआधी रीसेट हवाच, आणि तोही नीट. विंडोजमध्ये सगळे काढून टाका असे निवडल्यावरही पुढच्या पानावर दोन गोष्टी ठरवायच्या असतात आणि दोन्ही आपणहून चालू नसतात. डेटा पुसून साफ करायचा का, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर नाही असे असते, म्हणजे फाइली केवळ काढल्या जातात. आणि सगळ्या ड्राइव्हवरचे काढायचे का, याचे ठरलेले उत्तर फक्त विंडोज असलेला ड्राइव्ह असे असते. आपल्याकडे ही दुसरी गोष्ट फार घातक ठरते, कारण सी ड्राइव्हवर विंडोज आणि डी ड्राइव्हवर स्वतःचे सगळे, अशी विभागणी घरोघर केलेली असते. लग्नाचे फोटो, आधार आणि पॅनच्या प्रती, घराच्या कर्जाची कागदपत्रे, सगळे डीमध्ये. रीसेट पूर्ण झाला, पडद्यावर नव्या संगणकाचे स्वागत आले आणि डी ड्राइव्ह मात्र जसाच्या तसा भाच्याच्या हाती गेला, हे सहज घडू शकते. साफसफाईचा पर्याय चालू केला तरी तो घरगुती वापरासाठी आहे आणि सरकारी किंवा औद्योगिक निकषांना उतरत नाही, असे मायक्रोसॉफ्टचे स्वतःचेच म्हणणे आहे. २०२२ च्या सुरुवातीला याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. सगळे काढून टाका असे सांगूनही वनड्राइव्हशी जुळलेल्या काही फाइली विंडोज डॉट ओल्डमध्ये उरत होत्या. मार्चच्या अपडेटमध्ये तो दोष दूर झाला.

एसएसडीने हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला आहे. तिच्यातल्या पेशी ठरावीक वेळा लिहून झाल्या की झिजतात, म्हणून तिचा नियंत्रक लिखाण सगळीकडे वाटून देतो. एखाद्या फाइलीवर शून्ये लिहा म्हटले, तर तो नवीच जागा निवडून तिथे शून्ये लिहितो आणि जुनी जागा तशीच राहते. काही जागा तर त्याने राखून ठेवलेली असते, विंडोजला ती दिसतही नाही. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की एसएसडीवर एकच फाइल खात्रीने पुसण्याची त्यांनी तपासलेली कोणतीही पद्धत पुरी पडत नाही, आणि डिस्कमध्येच दिलेली पुसण्याची आज्ञाही काही उत्पादकांनी सदोष राबवली होती. दुसऱ्या टोकाला पस्तीस वेळा लिहून पुसण्याचा जो सल्ला अजून कुठे कुठे ऐकू येतो, तोही सोडून द्यावा. पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातून तो आला. त्या काळच्या वेगवेगळ्या चकत्यांसाठी मिळून तो क्रम होता, आणि आधुनिक डिस्कवर तो सगळा चालवण्यात अर्थ नाही असे खुद्द गुटमन यांनीच पुढे लिहिले. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या मार्गदर्शनानुसार फिरत्या चकतीवर एकदा नीट लिहून पुसणे सर्वसाधारणपणे पुरेसे असते. एसएसडीसाठी भरवशाचा मार्ग वेगळा आहे: डेटा पहिल्यापासून कूटबद्ध ठेवायचा आणि देताना किल्ली नष्ट करायची. मग नियंत्रकाने कुठे काय मागे ठेवले याची फिकीर उरत नाही, कारण किल्लीशिवाय ते निरर्थक असते. ॲपलने २०२१ च्या माँटेरे आवृत्तीपासून टी-२ चिप किंवा स्वतःचा प्रोसेसर असलेल्या मॅकवर काही मिनिटांत सगळे पुसण्याची जी सोय दिली, ती याच तत्त्वावर चालते. विंडोजमध्येही २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या अनेक संगणकांत एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते. ज्यांच्याकडे ते आजवर बंद आहे, त्यांनी निदान देण्याआधी ते संपूर्ण ड्राइव्हसाठी चालू करावे, ते पुरे होऊ द्यावे, आणि मग साफसफाईच्या पर्यायासह रीसेट करावा.

माझ्या संगणकात चोरण्यासारखे काय आहे, असे अनेक जण म्हणतात. ब्राउझरमध्ये उघडी राहिलेली ईमेलची खिडकी हे एकच उत्तर त्याला पुरेसे आहे, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलता येतात. शिवाय त्या संगणकात आपल्या एकट्याचे काही नसते. शिकवणी घेणाऱ्याकडे विद्यार्थ्यांचे पत्ते असतात, डॉक्टरांकडे रुग्णांच्या नोंदी, सोसायटीच्या चिटणिसाकडे सगळ्या सभासदांची कागदपत्रे. मॉर्गन स्टॅनलीसारख्या बलाढ्य वित्तसंस्थेनेही जुनी उपकरणे पुसण्याचा अनुभव नसलेल्या सामानवाहू कंपनीकडे सोपवली होती. ग्राहकांची माहिती असलेली त्यांतली काही उपकरणे लिलावात विकली गेली, आणि २०२२ मध्ये अमेरिकी नियामकाकडे साडेतीन कोटी डॉलर दंड भरावा लागला. याच भीतीपोटी काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि डिस्क हातोड्याने फोडतात. बंद पडलेल्या, पुसता न येणाऱ्या डिस्कसाठी ते योग्य आहे. चालू डिस्कची मात्र ती नासाडी आहे, कारण नीट पुसलेला आणि स्वस्तातली एसएसडी बसवलेला सात-आठ वर्षांचा लॅपटॉप एखाद्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाला अजून चांगला चालतो. मात्र विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्या यंत्रावर विंडोज ११ बसत नाही, तिथे लिनक्स बसवून देणे अधिक जबाबदारीचे ठरेल.

घेणाऱ्यानेही विकणाऱ्याच्या रीसेटवर विसंबू नये. वापरलेला लॅपटॉप घरी आणल्यावर आपल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज स्वतः नव्याने बसवावे, बसवताना जुने सगळे पार्टिशन काढून टाकावेत आणि बायॉसचे अपडेट उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावे. मॅक असेल तर आधीच्या मालकाने तो आपल्या ॲपल खात्यातून काढला आहे ना, हे पैसे देण्याआधी पाहावे. तसा तो काढला नसेल तर पुसल्यानंतरही यंत्र त्याच खात्याचा पासवर्ड मागते. कंपन्यांनी काढून टाकलेले विंडोज लॅपटॉप जुन्या बाजारात भरपूर येतात, आणि त्यांतल्या काहींची नोंद मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट सेवेत मूळ कंपनीच्या नावावर राहून गेलेली असते. अशा यंत्रावर कितीही वेळा रीसेट केला, तरी इंटरनेट जोडताच ते त्या कंपनीच्या कर्मचाऱ्याचे लॉगिन मागते, आणि ती नोंद त्या कंपनीलाच काढावी लागते. दुकानदारासमोर यंत्र एकदा पूर्ण रीसेट करून, वायफाय जोडून, स्वतःचे खाते उघडेपर्यंत थांबावे आणि मगच पैसे द्यावेत.